उसाच्या बिलातून सोसायटीची कपात



पंधरवड्याचे बिल निघाले की शेतकी ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "साहेब, आमचे पैसे कुणी कापले?" इन्कमटॅक्सचा परतावा निघाला तरी कराची मागील बाकी खाते आधी वळती करून घेते. उसाच्या बिलाचेही तसेच. पीककर्ज उचलताना आपण जो करार लिहून देतो, त्यात उसाच्या किमतीतून कर्ज कापण्यास आपलीच संमती असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८-अ मध्ये याची तरतूद आहे.

ही कपात चुकवायला काहीजण मेव्हण्याच्या, भाच्याच्या नावावर ऊस घालतात. फडावर आम्हांला सगळे समजते, बोलत नाही इतकेच. पण नुकसान कुणाचे? बिल भाच्याच्या खात्यावर पडते. ते परत मिळणे त्याच्या मर्जीवर. इकडे कर्ज थकले की वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलत जाते, आणि पुढच्या लागणीला सोसायटी दारात उभी करत नाही.

चूक आमच्याकडूनही होते. एका नावाचे दोन सभासद असले की एकाची वसुली दुसऱ्याच्या माथी बसते. म्हणून बिलावरील नाव, कोड नंबर व कपात ताडून पाहा. कर्ज रोख भरले असेल तर सोसायटीचा बेबाकी दाखला पुढचे बिल निघण्याआधी गट ऑफिसात द्या. रक्कम एकदा सोसायटीत जमा झाली की परत आणायला खेटे घालावे लागतात, तुम्हांलाही आणि आम्हांलाही.