काहीच काम न करणारं टीपॉय

दिवाणखान्यातल्या टीपॉयच्या मधोमध एक छोटी गोल खिडकी. आत डोकावलं की खाली ब्रिटनमधली शेतं, रस्ते, घरांची छपरं संथ सरकताना दिसतात. टीपॉयच्या एका कडेला जाडजूड पुस्तक ठेवलं की दृश्य त्या बाजूला वळतं. एकूण वजन वाढलं की आपण जमिनीकडे उतरू लागतो. फळीखाली वजन ओळखणारे सेन्सर आणि आत साठवलेली विमानातून टिपलेली छायाचित्रं, एवढाच हा मामला. वेग मात्र मुद्दामच कमी. दूरचं गाव गाठायचं तर पुस्तक बराच वेळ तिथंच राहू द्यायचं.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये बिल गेव्हर आणि सहकाऱ्यांनी २००४च्या सुमारास हे ‘ड्रिफ्ट टेबल’ घडवलं. उपयोग शून्य, आणि तोच त्यामागचा विचार. संगणक ऑफिसातून घरात आला आणि येताना वेळ वाचवण्याचा, काम उरकण्याचा हिशेबही घेऊन आला. घरात मात्र माणूस रेंगाळतो, उगाच वस्तू हलवून बघतो. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात माणसाच्या खेळकरपणाला संस्कृतीच्या मुळाशी नेऊन बसवलं होतं. गेव्हर यांनी तो विचार घरगुती उपकरणांना लावला.

‘तुम्हाला काय हवं?’ असं थेट विचारलं तर लोक बाजारात आहे तेच सांगतात. म्हणून या मंडळींनी घरोघरी चमत्कारिक साहित्य वाटलं. भिंतीला लावून आवाज ऐकायचा काचेचा पेला होता; ऐकलेलं त्याच पेल्यावर लिहायचं. जाग येताच स्वप्न सांगायला दहा सेकंदांचं ध्वनिमुद्रण करणारं यंत्र होतं. उत्तरांची टक्केवारी काढायची नव्हती. त्या घराचा स्वभाव कळायला हवा होता.

त्यांचाच ‘हिस्टरी टेबलक्लॉथ’ पाहा. त्यावर ठेवलेल्या वस्तूभोवती प्रकाशाची नक्षी तासन्‌तास हळूहळू पसरते आणि वस्तू उचलली की विझते. कप उचला, पसारा आवरा, असं तो सांगत नाही. अर्थ लावायचं काम घरातल्यांवर सोडतो.

आपल्याकडचे ‘स्मार्ट’ दिवे आणि स्पीकर हुकूम चोख पाळतात, पण त्यांच्याशी खेळता येतं का? अशी उपकरणं बनवणाऱ्यांनी एक साधी कसोटी लावावी: माहितीपुस्तिकेत नसलेला एखादा वापर घरच्या माणसांनी शोधून काढला का? नसेल, तर ते यंत्र घरात असूनही ऑफिसातच आहे.