इंग्रजीतलं नाम कसं ओळखायचं? शेपूट नाही, जागा बघा



नांदेड-लातूरकडून पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण सारखीच असते. "दादा, विषय पक्का आहे, पण टायटल इंग्रजीत लिहायला बसलं की गाडी अडते." अडणारच, कारण टायटलमध्ये सहसा क्रियापद नसतं. सगळा भार नामांवर असतो.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं टायटल 'ॲन ॲनालाइझ ऑफ वॉटर स्कार्सिटी इन लातूर डिस्ट्रिक्ट' असं होतं. गाइड सरांनी 'ॲनालाइझ'भोवती लाल गोल काढून कागद परत दिला. खरं सांगतो, मला चूक दिसतच नव्हती. विश्लेषण म्हणजे ॲनालाइझ, एवढंच डोक्यात.

असं का होतं? मराठीत नाम स्वतःच ओळख देतं. रस्ता – रस्त्यावर, पाऊस – पावसाने. प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं. इंग्रजीत 'ऑन द रोड' म्हटलं तरी रोड हा रोडच राहतो. खूण शब्दावर नसते, शब्दाच्या शेजारी असते. त्यामुळे 'व्यक्ती, वस्तू, गुण यांचं नाव म्हणजे नाम' ही शाळेतली व्याख्या पाठ असूनही परीक्षेत फारशी कामाला येत नाही.

चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९५२ च्या 'द स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश' या पुस्तकात अर्थ बाजूला ठेवून शब्दाची जागा बघितली. त्यासाठी त्याने टेलिफोनवरचं लोकांचं साधं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. त्याची युक्ती सोपी आहे. 'द ___ वॉज गुड' या चौकटीत शब्द बसवून बघा. 'द ॲनालिसिस वॉज गुड' बसतं, 'द ॲनालाइझ वॉज गुड' बसत नाही. (लातूर, मिरज अशा विशेषनामांना 'द' लागत नाही, तेवढं सोडून द्या.)

आता शब्दाचं कुटुंब. ॲनालाइझ क्रियापद, ॲनालिसिस नाम, त्याचं अनेकवचन ॲनालिसीज, करणारा ॲनालिस्ट, विशेषण ॲनालिटिकल. असं कुटुंब एकत्र लिहून पाठ करा, सुटे शब्द नको. क्लासमध्ये शेपटांची यादी देतात: शन, मेंट, नेस, इटी. यादी चांगली आहे, पण डोळे झाकून वापरू नका. 'इम्प्लिमेंट'ला मेंट आहे, तरी योजना राबवणे या अर्थाने ते क्रियापद आणि त्याचं नाम इम्प्लिमेंटेशन. तेच इम्प्लिमेंट शेतीचं अवजार या अर्थाने मात्र नाम! 'प्रपोजल' नाम, 'रूरल' विशेषण, शेपूट एकच. 'ऑब्जेक्टिव्ह टेस्ट'मध्ये ऑब्जेक्टिव्ह विशेषण, 'ऑब्जेक्टिव्ह्ज ऑफ द स्टडी'मध्ये नाम.

सगळ्यात जास्त फसवतात ते दोन्हीकडे सारखेच दिसणारे शब्द. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते आपल्या सगळ्यांना आठवतं. 'द रेल्वेज सप्लाइड वॉटर टू लातूर' यात सप्लाय क्रियापद आहे. 'द सप्लाय ऑफ वॉटर टू लातूर' यात तोच सप्लाय नाम. मागे 'द' आला, पुढे 'ऑफ' आला. (उलटंही होतं: 'डिस्कशन अबाउट' चालतं, 'डिस्कस अबाउट' चुकीचं.)

पण अजून एक गोष्ट झाली, आणि संशोधनासाठी तीच महत्त्वाची. नाम केल्याबरोबर पाणी देणारा गायब झाला. काळही गेला. 'डिस्ट्रिब्यूशन ऑफ वॉटर' लिहिलं की कोणी, कोणाला, कधी दिलं हे सांगायची सक्ती उरत नाही, आणि नेमका तोच आपला संशोधन प्रश्न असतो. म्हणून टायटलमध्ये नाम ठेवा, पण तेच टायटल एकदा क्रियापद घालून पूर्ण वाक्यात लिहून बघा. कर्ता सापडला नाही, तर अडचण इंग्रजीची नाही, विषयाची आहे.

आणि हो, 'रिसर्चेस', 'इन्फॉर्मेशन्स', 'इक्विपमेंट्स' लिहू नका. पहिला शब्द क्वचित दिसतो, पण तुम्ही टाळा.

माझं टायटल शेवटी 'ॲन ॲनालिसिस ऑफ...' असं झालं. नाम बरोबर होतं. तरी कागद पुन्हा परत आला, कारण कोणत्या वर्षांतली टंचाई ते मी लिहिलंच नव्हतं.