कॉफीगृहाच्या संकेतस्थळाची पुनर्रचना : उपयोगसुलभतेचा एक पाठ

प्रस्तावना

संगणक अभ्यासक्रमात विद्यार्थी संकेतस्थळ तयार करण्यास शिकतात. परंतु ते ग्राहकाला वापरता येते काय, हे तपासण्यास क्वचितच शिकतात. बारडोलीसारख्या तालुक्याच्या गावातील एखादे कॉफीगृह या अभ्यासासाठी सोयीचे ठरते. दुकानदाराच्या दृष्टीने हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही. भाव किंवा वेळ न सापडलेला ग्राहक दुसरीकडे जातो, अथवा घरपोच सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत मागणी नोंदवतो; तिचे कमिशन दुकानदारास सोसावे लागते.

उपयोगसुलभतेचा अर्थ

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ९२४१-११ या मानकात (१९९८, सुधारित २०१८) उपयोगसुलभतेचे तीन घटक सांगितले आहेत : परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान. म्हणजेच काम झाले काय, किती श्रमात झाले आणि वापरणारा संतुष्ट आहे काय.

याचे बोलके उदाहरण कॉफीशीच निगडित आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा बसविण्यात आला. १९९३ पासून २००१ पर्यंत ते चित्र वेबवर दिसत असे. चित्र लहान व करड्या रंगाचे होते. तरी 'भांड्यात कॉफी आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर त्यातून तत्काळ मिळे.

पुनर्रचनेच्या पायऱ्या

१) प्रश्न निश्चित करणे : दुकान आता उघडे आहे काय? भाव काय? स्थानकापासून किंवा स्वराज आश्रमापासून कसे यावे? ही उत्तरे पहिल्याच पडद्यावर हवीत; सरकती छायाचित्रे व मालकाचे मनोगत नंतर.

२) निरीक्षण : ग्राहकाच्या हाती मोबाइल देऊन 'दोन कॉफींची मागणी नोंदवा' असे काम सांगावे. विद्यार्थ्याने मदत न करता तो कोठे अडतो याची नोंद करावी. नील्सन व लँडाउअर यांच्या १९९३ च्या प्रतिमानानुसार पाच व्यक्तींच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के दोष आढळतात. मात्र वापरणाऱ्यांचे गट भिन्न असल्यास प्रत्येक गटातून तीन-चार व्यक्ती घ्याव्यात.

३) भाषा : बारडोली सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. याच मार्गावरील, महाराष्ट्र-गुजरात सीमेवर वसलेल्या नवापूर स्थानकात गुजराती, मराठी, हिंदी व इंग्रजी या चार भाषांत उद्घोषणा होतात. रेल्वेने जाणलेली ही गरज संकेतस्थळानेही जाणावी. किमान भाव, वेळ व पत्ता गुजरातीत, शक्य तर मराठी-हिंदीतही, युनिकोडमध्ये द्यावा.

४) दुरुस्ती : भावपत्रकाचे छायाचित्र न टाकता ते मजकुराच्या रूपात द्यावे, त्यामुळे ते मोबाइलवर नीट वाचता येते आणि दृष्टिहीनांच्या वाचन-प्रणालीलाही उमगते. अक्षरे व पार्श्वभूमी यांतील रंगभेद वेब सुगम्यता निकषांप्रमाणे किमान ४.५ : १ असावा. दूरध्वनी क्रमांकाला स्पर्श करताच फोन लागावा.

निष्कर्ष

दुरुस्तीनंतर तीच कामे नव्या व्यक्तींना देऊन पूर्ण झालेल्या कामांची संख्या व लागलेला वेळ यांची आधीच्या नोंदींशी तुलना करावी. अध्यापकांनी गुण देताना रंगसंगतीपेक्षा या नोंदींना अधिक महत्त्व द्यावे. ग्राहक अडखळला तर दोष ग्राहकाचा नसून रचनेचा आहे, ही दृष्टी विद्यार्थ्यांत निर्माण होणे हेच या पाठाचे खरे फलित होय.