कासवांच्या वाटेवरचे दिवे

चेन्नईच्या हिवाळ्यात बर्फ पडत नाही, दव गोठत नाही आणि दिवसही फारसा आखडत नाही. जूनमधला सर्वांत मोठा दिवस आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दीड तासाचे अंतर असते. थंड देशांत बागेतले, फाटकावरचे, वाटेवरचे दिवे हिवाळ्यापूर्वी तपासून घेतात ते लवकर पडणाऱ्या अंधारासाठी आणि गोठणाऱ्या ओलीसाठी. चेन्नईत या कामाचे कारण निराळे आहे आणि माझ्या मते अधिक निकडीचे आहे. या शहरात वर्षभरात सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तो ओसरतो तेव्हा बाहेरचे कित्येक दिवे बिघडलेले असतात. वायरमनला बोलावणे जाते, शिड्या लागतात, काचा उघडल्या जातात. याच सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालण्यासाठी बंगालच्या उपसागरातून याच किनाऱ्याकडे येऊ लागतात. दुरुस्तीचा हंगाम आणि विणीचा हंगाम असे पाठोपाठ येत असताना दुरुस्ती म्हणजे बिघडलेला दिवा होता तसा पुन्हा पेटवणे, एवढाच अर्थ घेणे चुकीचे आहे. दिवा उघडलाच आहे, तर त्याचा रंग, रोख आणि पेटण्याची वेळही त्याच वेळी बदलावी.

आधी पावसाचे पाहू, कारण शिडी त्यामुळेच लागते. पाणी वरून कोसळून दिव्यात शिरते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते बहुतेकदा हवेच्या मार्गाने येते. दिवा पेटला की आतली हवा तापून प्रसरण पावते आणि फटींतून बाहेर पडते. मालवला, किंवा तापलेल्या काचेवर पावसाची सर आली, की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा वायरच्या तोंडाशी असलेल्या ढिल्या ग्लँडमधून किंवा कडक झालेल्या रबरी वॉशरमधून आत ओढली जाते. रोज रात्री असे झाले की काचेच्या आत थेंब धरतात. समुद्राकाठी त्या ओलाव्यात मीठही असते. क्लोराइडमुळे ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर जागोजागी फुटतो आणि धातूला खड्डे पडतात. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या खोक्यात बसवला असेल, तर दोन धातूंच्या जोडीत खारट ओल येऊन छोटी विद्युतघटच तयार होते आणि ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. म्हणून आतली ओल पूर्ण वाळवल्याशिवाय बाहेरून सिलिकॉन फासणे हा इलाज उलटा पडतो. ओल आतच कोंडली जाते. खोक्यावर छापलेल्या आकड्यांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा सोसेल. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नईतल्या अनेक वस्त्या काही दिवस पाण्याखाली होत्या. तिथे अर्ध्या तासाच्या हमीला अर्थ उरत नाही. बुडून गेलेला जमिनीलगतचा दिवा वरवर पुसून पेटवू नये, तपासून घ्यावा किंवा बदलावा. बाहेरच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरच्या वीजगळतीला तुटणारा आरसीसीबी असावा, त्याचे चाचणीचे बटण दाबून तो खरोखर तुटतो हे पाहावे आणि अर्थिंग मोजून घ्यावे. साचलेल्या पाण्यात उतरलेला वीजप्रवाह माणसाचा जीव घेतो, त्यामुळे या बाबतीत काटकसर कुणीच करू नये.

दिवा असा सुरक्षित झाला की पुढचा प्रश्न येतो तो त्याच्या प्रकाशाचा. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूवर चढते, खड्डा खणून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परतते. वाळूच्या उष्णतेवर दीड ते दोन महिन्यांत पिल्ले तयार होतात. वरची वाळू निवली म्हणजे रात्र झाली ही खूण धरून ती एकदम बाहेर पडतात. समुद्र कुठल्या बाजूला आहे हे त्यांना मुख्यतः डोळ्यांनीच ठरवावे लागते. ती क्षितिजालगतची अरुंद पट्टी दोन्ही बाजूंना दूरवर न्याहाळतात आणि जिकडे उजेड जास्त, तिकडे वळतात. जमिनीच्या बाजूला झाडाझुडपांची काळी रेघ उंच दिसते. समुद्राच्या बाजूला उघडे आकाश आणि त्याचा पाण्यावरचा परावर्तित प्रकाश असतो. लाखो वर्षे हा नियम चुकला नाही. चंद्रामुळेही फारसा घोटाळा होत नाही, कारण चंद्राचा प्रकाश आकाशभर, पाण्यावर आणि वाळूवर पसरलेला असतो. विजेचा दिवा मात्र एका बिंदूत एकवटलेला असतो आणि जवळ असल्यामुळे त्या एका दिशेचा उजेड बाकी साऱ्या दिशांवर मात करतो. पिल्लू त्याच्याकडे चालू लागते. मग ते कुत्र्याच्या, खेकड्याच्या, सकाळी कावळ्याच्या तोंडी पडते, रस्त्यावर चिरडले जाते किंवा उन्हाने सुकून मरते. कुंपणावरचा लहानसा दिवाही घातक ठरतो तो यामुळेच: पिल्लाची नजर जिथे असते, नेमक्या त्याच उंचीवर तो असतो.

रंगाचा प्रश्न अलीकडे अधिक बिकट झाला आहे, आणि त्याचे कारण एक चांगले काम आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाने आणि एकूणच एलईडीच्या प्रसाराने देशभरातले पिवळट सोडियम दिवे उतरवले. वीज वाचली. पण पांढऱ्या एलईडीचे मूळ निळे असते. निळ्या प्रकाशाच्या चकतीवर फॉस्फरचा थर देऊन त्यातला काही भाग पिवळा केला जातो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसतात. सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा अंश त्यात राहतोच, आणि दिवा जितका थंड पांढरा, तितका तो जास्त. हवेच्या रेणूंवरून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्या हिशेबाने ४५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा सुमारे तिप्पट विखुरतो. म्हणजे तेवढ्याच उजेडात शहरावरचे आकाश अधिक उजळते. कासवांच्या डोळ्यांना हाच प्रकाश जास्त ओढतो. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्लेअर विदरिंग्टन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फ्लोरिडा आणि कोस्टारिकातल्या किनाऱ्यांवर दोन प्रकारचे दिवे लावून पाहिले होते. पाऱ्याच्या वाफेच्या पांढऱ्या दिव्यांसमोर अंडी घालायला येणाऱ्या माद्या फार कमी झाल्या. कमी दाबाच्या पिवळ्या सोडियम दिव्यांनी लक्षणीय फरक पडला नाही. ते प्रयोग दुसऱ्या जातींच्या कासवांवरचे होते, तेव्हा ते इथे लागू कसे, अशी शंका रास्त आहे. तिचे उत्तर ओडिशातल्या ऋषिकुल्या किनाऱ्यावर मिळते. दिव्या कर्नाड, कार्तिक शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑलिव्ह रिडलेचीच पिल्ले तपासली होती. तीही प्रखर आणि कमी तरंगलांबीच्या प्रकाशाकडेच झुकली.

यावरून दुरुस्तीच्या वेळी काय बदलायचे ते ठरते. पहिला क्रम रोखाचा. दिव्यावर असे झाकण हवे की प्रकाश फक्त खाली, पायवाटेवर पडेल आणि वाळूवरून दिव्याचा गोळा दिसणार नाही. झाडांवर खालून वर मारलेले झोत किनाऱ्यालगतच्या बागांतून काढूनच टाकावेत. त्यांचा बराचसा प्रकाश आकाशात जातो आणि उजळलेले झाड ती काळी रेघच पुसून टाकते. दुसरा क्रम रंगाचा. फ्लोरिडात कासवांच्या किनाऱ्यांवर ५६० नॅनोमीटर किंवा त्याहून अधिक तरंगलांबीचा, म्हणजे अंबर किंवा लाल एलईडी वापरण्याचा दंडक आहे. दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून मिळणारा दिवा थंड पांढऱ्यापेक्षा बरा, पण त्यातही निळा अंश असतो, हे लक्षात ठेवावे. अंबर दिवाही प्रखर आणि उघडा असेल तर पिल्लांना चकवतोच; रंग बदलला म्हणून झाकण टाळता येत नाही. तिसरा क्रम वेळेचा, आणि तो सर्वांत स्वस्त आहे: टायमर, किंवा माणूस आला तरच पेटणारा सेन्सर. नाताळ आणि नववर्षाच्या माळा ईस्ट कोस्ट रोडवरच्या बंगल्यांवर आणि रिसॉर्टांवर आठवडेच्या आठवडे राहतात. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, घरातले जुने बाहेर काढण्याची तिथे रीतच आहे. समुद्राकडच्या भिंतीवरच्या माळा त्या दिवसापर्यंत तरी उतरायलाच हव्यात.

दिवे कमी केले तर लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेचे काय, हा आक्षेप मी हलका मानत नाही. मरीना आणि बेसंट नगरच्या एलियट्स बीचवर संध्याकाळी प्रचंड गर्दी असते आणि तिथे उजेड लागणारच. पण डोळ्यांवर येणारा झगमगाट आणि सुरक्षित उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उघडा दिवा डोळ्यांत गेला की बाहुली लहान होते आणि त्याच्या मागची सावली अधिक गडद वाटते. तिथे उभा असलेला माणूस दिसत नाही. झाकलेला दिवा तोच उजेड पायाखालच्या जमिनीवर टाकतो. म्हणजे चालणाऱ्याला जास्त दिसते आणि वाळूवर उजेड कमी पोहोचतो. या मुद्द्यावर माणूस आणि कासव यांच्यात झगडा नाही. उरूर कुप्पम, नोच्चिकुप्पम इथल्या कोळ्यांना पहाटेच्या अंधारात जाळी आणि होड्या हाताळाव्या लागतात. त्यांचे दिवे बंद करायला सांगणे अन्यायाचे होईल. झाकणे आणि अंबर दिवे त्यांना सरकारी खर्चाने मिळायला हवेत. दिवे फक्त मध्यरात्रीनंतर मालवणे पुरेसे नाही, हेही मान्य केले पाहिजे. फेब्रुवारीनंतर पिल्ले अंधार पडल्यावर लवकरही बाहेर येतात. म्हणून मालवण्यापेक्षा आडोसा महत्त्वाचा.

दुसरा आक्षेप असा की चेन्नईत अंडी उचलून हॅचरीत नेलीच जातात, मग दिव्यांची चिंता कशाला? स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क ही विद्यार्थ्यांची संघटना १९८८ पासून हंगामभर रात्री नीलांकराई ते बेसंट नगरचा किनारा पायी तुडवते, अंडी सुरक्षित जागी हलवते आणि पिल्ले समुद्रात सोडते. त्याआधी सत्तरच्या दशकात सरीसृपतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच किनाऱ्यावर हे काम सुरू केले होते. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण हॅचरी हा नाइलाजाचा उपाय आहे. प्रत्येक घरटे सापडत नाही. उजेडाला बुजून अंडी न घालताच परतणाऱ्या मादीला हॅचरीचा काही उपयोग नाही. अंडी हलवल्याने वाळूचे तापमान बदलण्याचा धोका असतो, आणि कासवांत पिल्लू नर की मादी हे त्या तापमानावरच ठरते. किनारा अंधारा झाला तर निदान काही घरटी जिथल्या तिथे ठेवता येतील.

सर्वांत वजनदार आक्षेप ट्रॉलरचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नई आणि आसपासच्या किनाऱ्यांवर शेकडो मृत कासवे वाहून आली. जाळ्यांत अडकून गुदमरणे हे त्यामागचे मुख्य कारण मानले गेले. तमिळनाडूच्या १९८३ च्या सागरी मासेमारी कायद्यानुसार किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत ट्रॉलरना मज्जाव आहे आणि त्याची अंमलबजावणी व्हायलाच हवी. प्रौढ मादी मेली तर त्याची भरपाई हजार पिल्लांनीही होईलच असे नाही. तरीही या युक्तिवादातून दिव्यांची जबाबदारी सुटत नाही. ट्रॉलरचा प्रश्न उपजीविकेचा, गस्तीचा आणि राजकारणाचा आहे, त्याला वर्षे लागतील. दिव्याचे झाकण वायरमन एका दुपारी बसवतो आणि त्याच रात्री किनारा अंधारतो. त्यात कुणाची भाकरी जात नाही, उलट वीज वाचते.

कोकणातही परिस्थिती अशीच आहे, फक्त तारखा वेगळ्या. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने कासवांचे संरक्षण उभे केले. आंजर्ले, गुहागर इथेही ते पोहोचले, आणि पिल्ले पाहायला पर्यटक येऊ लागले. पर्यटकांमागोमाग निवासाच्या जागा आल्या आणि त्यांच्याबरोबर दिवे. कोकणातला पाऊस सप्टेंबरअखेर सरतो, बाहेरच्या दिव्यांची डागडुजी दिवाळीपूर्वी होते आणि कासवांचा हंगाम त्यानंतर लगेच सुरू होतो. म्हणून किनाऱ्यालगत घर, हॉटेल किंवा होमस्टे असणाऱ्यांना एक विनंती आहे. या वर्षी दिवे दुरुस्त झाले की रात्री वाळूवर भरतीच्या रेषेपर्यंत जा, खाली बसा आणि मागे वळून पाहा. तिथून आपला जो दिवा उघडा दिसेल, त्याला दुसऱ्याच दिवशी झाकण बसवा.