नक्कल करणारा चित्रकार
परतूर-जालन्याकडच्या माणसाला अजिंठा घरचाच. पण शंभर वर्षांपूर्वी तिथल्या भिंतींपुढे एक जपानी चित्रकार ठाण मांडून बसला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. अराई कानपो (1878–1945). त्याचे गुरू मिझुनो तोशिकाता यांनी 1894-95च्या चीन-जपान युद्धाची छापचित्रे काढली, बातमीसारखी ताजी. शिष्याने संथ काम धरले. रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून 1916मध्ये तो कोलकात्यात आला आणि पुढे अजिंठ्याची चित्रे उतरवू लागला. नकलेत कसली आलीय कला, असे कुणी म्हणेल. पण रंग उडालेली जागा कल्पनेने भरायची की तशीच सोडायची, हे बोटाबोटाला ठरवावे लागते. फोटो होते की! होते, पण काळेपांढरे. अराईच्या अजिंठ्याच्या नकला जपानमधल्या 1923च्या भूकंपातल्या आगीत गेल्या. उलट जपानमधल्याच होर्यूजी मंदिराची मूळ भित्तिचित्रे 1949मध्ये आगीत करपली. तिथे अराई आणि सहकाऱ्यांनी केलेल्या नकला उरल्या.