प्रास्ताविक प्रोग्रामिंग शिक्षण

प्रास्ताविक प्रोग्रामिंग शिक्षण म्हणजे संगणकासाठी आज्ञावली लिहिणे व त्यामागील अल्गोरिदम रचणे यांचे विद्यापीठीय स्तरावरील पहिले शिक्षण होय. एखादा प्रश्न मर्यादित पायऱ्यांत सोडवणाऱ्या निःसंदिग्ध कृतीस अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकातील गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला आहे.

स्वरूप

अभ्यासक्रमात चल, अट, लूप, फंक्शन व अ‍ॅरे या संकल्पना प्रथम येतात. त्यानंतर शोध व क्रमवारीचे अल्गोरिदम शिकवले जातात. त्यासाठी प्रामुख्याने सी व पायथॉन या भाषा वापरल्या जातात. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत विकसित केली, तर पायथॉन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली.

अल्गोरिदमची उदाहरणे

शाळेत शिकवला जाणारा मसावि काढण्याचा भागाकार पद्धतीचा नियम हा युक्लिडचा अल्गोरिदम आहे. २५२ व १०५ यांचा मसावि काढताना २५२ला १०५ने भागल्यास बाकी ४२ उरते. १०५ला ४२ने भागल्यास २१ उरते. ४२ला २१ने भागल्यास बाकी शून्य येते. म्हणून मसावि २१ आहे. ही कृती लूपच्या साहाय्याने काही ओळींत लिहिता येते.

एकाच प्रश्नाच्या दोन कृतींना लागणारे श्रम भिन्न असू शकतात. चढत्या क्रमाने लावलेल्या १,००० आसन क्रमांकांत एक क्रमांक ओळीने शोधल्यास १,००० पर्यंत तुलना कराव्या लागतात. प्रत्येक वेळी यादीच्या मध्यावर पाहून निम्मा भाग वगळल्यास जास्तीत जास्त १० तुलना पुरतात. १० लाख क्रमांकांसाठीही २० पुरेशा होतात. मात्र यादी क्रमाने लावलेली असणे आवश्यक असते.

शिकताना येणाऱ्या अडचणी

'क = क + १' हे विधान बीजगणितात अशक्य आहे; आज्ञावलीत मात्र 'क'च्या चालू किमतीत एक मिळवून ती पुन्हा 'क'मध्ये ठेवावी, असा त्याचा अर्थ होतो. हा भेद न उमगल्यास लूपचे कार्य समजत नाही. त्यासाठी प्रत्येक पायरीनंतरच्या चलांच्या किमती कागदावर तक्त्यात मांडण्याचा सराव उपयुक्त ठरतो.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे पाठ्यपुस्तके व त्रुटिसंदेश इंग्रजीत असण्याची अडचणही असते. त्यामुळे कृती समजूनही ती लिहिता न येणे आणि कृतीच न समजणे, या दोन वेगळ्या स्थिती एकच मानल्या जाण्याचा धोका असतो. पायथॉन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात. भाषेचे राखीव शब्द मात्र इंग्रजीच राहतात.

रायगड जिल्ह्यात

अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे स्थान असलेले पाली हे सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. ते ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तो मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. याच जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ असून तेथे संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने सी व सी++ यांचे ध्वनिचित्र पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. ते विनामूल्य असून शिक्षकाविना स्वयंअध्ययन करता यावे अशी त्यांची रचना असल्याने, मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या विद्यार्थ्यांनाही मूळ संकल्पना मातृभाषेत समजून घेता येतात.