निकेलच्या खळग्यातला हायड्रोजन

तेलात हायड्रोजन मिसळला की वनस्पती तूप होतं, असं शाळेत एका ओळीत शिकवतात. पण तेलात नुसता हायड्रोजन सोडून कितीही ढवळलं तरी तेल तेलच राहतं. हायड्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना सुटं करायला मोलमागे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डालडा तयार होऊ लागला, तेव्हा ही फारकत घडवत होती निकेलची पूड.

निकेल एवढी ऊर्जा आणतं कुठून? आणत नाहीच. स्फटिकाच्या आतल्या अणूला सगळीकडून शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूची एक बाजू उघडी राहते आणि तिथे बंध जोडायला वाव असतो. हायड्रोजनचा रेणू जवळ आला की निकेलचे इलेक्ट्रॉन त्याच्या अशा कक्षेत शिरतात, जिथे त्यांच्या असण्यानंच रेणूचा बंध सैल पडतो. सुटा झालेला प्रत्येक अणू निकेलशी सुमारे २६५ किलोज्यूलचा बंध जोडतो. दोन्ही मिळून ५३०. तोडण्याचा खर्च वसूल होऊन वर शिल्लक उरते.

अणू बसतो तो एखाद्या निकेल-अणूच्या डोक्यावर नव्हे. सर्वांत दाट रचनेच्या पृष्ठभागावर तो तीन अणूंच्या मधल्या खळग्यात बसतो, तिघांशी एकदम नातं जोडून. शेजारच्या खळग्यात सरकायला त्याला फारसे कष्ट पडत नाहीत, त्यामुळे तो पृष्ठभागावर हिंडत राहतो.

सोन्याला हे जमत नाही. हॅमर आणि नॉर्सकोव्ह या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये त्याचं कारण दाखवलं: सोन्याच्या डी-कक्षा पूर्ण भरलेल्या असल्यानं हायड्रोजनशी जुळताना सोनं-हायड्रोजन बंधच सैल करणाऱ्या पातळ्याही भरतात आणि कमाई वाया जाते. उलट टंगस्टन हायड्रोजनला असा धरतं की पुढे सोडवत नाही. पकड हवी, पण मिठी नको. फ्रान्समधल्या पॉल साबातिए यांचा हा नियम उत्प्रेरकांच्या शास्त्रात आजही पहिला मानला जातो. निकेलवरच्या कामासाठी त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं.

खरी गंमत मात्र पुढे आहे, आणि ती आपल्या तब्येतीशी निगडित आहे. तेलाच्या रेणूतला दुहेरी बंध निकेलवर टेकला की खळग्यातला एक हायड्रोजन त्याला चिकटतो. आता तिथे एकेरी बंध उरल्यानं साखळी त्याभोवती फिरू शकते. दुसरा हायड्रोजन लगेच मिळाला तर काम फत्ते. पृष्ठभागावर त्याची टंचाई असेल तर रेणू एक हायड्रोजन परत करून पुन्हा दुहेरी बंध बांधतो, पण फिरलेल्या, सरळ आकारात. हेच ट्रान्स फॅट. हृदयविकाराशी त्याचा संबंध स्पष्ट झाल्यावर भारतात २०२२ पासून तेल-तुपांत त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आली.

हायड्रोजनचा दाब वाढवला तर खळगे भरलेले राहतात आणि ट्रान्स घटतं. सगळेच दुहेरी बंध भरून टाकले तर ते उरतच नाही. पण हाती येतो मेणासारखा टणक गोळा, जो पातळ तेलात कालवूनच वापरावा लागतो.